चार वेळा बेल

"कुणाला सांगू नकोस हं," म्हणत ओमा ओठांवर बोट ठेवायच्या. गुपित काय, तर बीटच्या सूपमध्ये साखर किती घालायची! "अहो, इथं मी सांगू तरी कुणाला?" मी म्हणायचे. त्या हसायच्या नाहीत.

डचमध्ये ओमा म्हणजे आजी. नेदरलँड्समधल्या फोरबर्ग गावी, आमच्या इमारतीत शेजारच्या घरात एकट्या राहत. आई रशियन, वडील डच, वय नव्वदीच्या घरात. माझं मोडकंतोडकं डच त्यांनीच सुधारलं.

एकदा मी साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले आणि आपल्या सवयीनं बेल दाबतच सुटले. चार वेळा. दार उघडलं तर ओमा कोट घालून, हातात पिशवी, चेहरा पांढराफटक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खिचडी थंड होईपर्यंत त्या बोलल्या. क्रांतीनंतर तिकडे रशियात मोठ्या घरांतली एकेक खोली एकेका कुटुंबाला दिली होती. बेल एकच, म्हणून प्रत्येकाची खूण वेगळी. ओमांच्या आजोळची चार वेळा. आजोबांनी सगळ्यांच्या स्वयंपाकघरात नव्या सरकारवर एक विनोद केला. मग एका दुपारी चार वेळा बेल वाजली. ओमांची आई तेव्हा लहान. आपलंच कुणी आलं म्हणून तिनंच धावत जाऊन दार उघडलं. आजोबांना नेलं ते कायमचं. तेव्हापासून आईनं कोट-पिशवी दाराशी तयार ठेवली, तीच सवय ओमांना लागली.

"माणसं परकी, पण खूण ठाऊक होती. शेजाऱ्यानंच सांगितली ना?" मग माझा हात धरून म्हणाल्या, "तू मात्र चारदाच वाजव. चार बेलांवर दार उघडलं की खिचडी घेऊन आलेलं माणूस दिसू दे एकदाचं."

पुढे पुढे त्या दुसऱ्या कुणाला दारच उघडेनात.

गेल्या हिवाळ्यात त्यांचं दूध करपलं, जिनाभर धूर. कुणीतरी गेमेन्टेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, कळवलं.

"कुणी सांगितलं?" ओमांनी डोळे रोखून मला विचारलं.

"मी नाही हो, ओमा!"

त्यांनी मान हलवली, पण आत बोलावलं नाही. मला रडूच कोसळलं.

आठवड्याभरात गेमेन्टेची बाई आली. बेल वाजवून दमली. "तुम्हाला उघडतात म्हणे. कशी वाजवता?"

ओमांना वृद्धाश्रमात हलवायचं होतं. त्यांचं एकटं राहणं धोक्याचं होतं, हे काय मला कळत नव्हतं?

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "त्यांचं दार, त्या उघडतील."

तेवढ्यात कडी सरकली. ओमा दाराला कान लावूनच होत्या की हो! कोट, पिशवी, सगळं तयार.

"येते मी," ओमा बाईला म्हणाल्या. मग माझ्या गालावरून हात फिरवला. "माझ्या आईला अशी शेजारीण मिळायला हवी होती गं."

आता तिथं नवं जोडपं आहे. कुरियरवाला घाईत चार-चार वेळा बेल दाबत सुटला की ओमाच आल्या असं वाटून मी हातातलं टाकून धावते. दार उघडते, तर बेल शेजारची असते.