फेरतपासणीच्या बाकावर

बाबांच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आम्ही सरकारी दवाखान्यात बसलो होतो. शेजारी सुपेल्याचा, लोखंडाच्या कारखान्यातला एक वेल्डर होता. लकव्याने त्याची उजवी बाजू लुळी पडली होती. पहिल्या तपासणीत तो दात आवळून काठीशिवाय चालला, म्हणून अपंगत्वाचे टक्के कमी भरले आणि पेन्शन नाकारली गेली. अपील केल्यावर आज फेरतपासणी होती.

"आज तरी हिंमत दाखवू नका," त्याची बायको म्हणाली.

"चार लोकांत लंगडाले लाज वाटते मले," तो डाव्या हाताने मिशी सारखी करत म्हणाला.

"घरी पडता, तेव्हा कोण उचलते?"

पुकारा झाला. तो एकटाच उठू लागला, थांबला आणि सगळ्यांदेखत तिच्यापुढे हात केला.

"धर मले."

बाहेर आला तेव्हा शर्ट घामाने भिजला होता. "सांगून टाकलं सारं," तो मला म्हणाला, "भट्टीपाशी इतका घाम नोयता आला कधी."