लाईट कमी-जास्त झाली

बदलापूरच्या घरात काल मिक्सर जळला. लेक म्हणाली, "आई, लाईट कमी-जास्त झाली असेल." भांड्यात तिने डाळ गच्च भरलेली दिसत होती. पण त्या जळक्या वासाने मला कॉलेजचे दिवस आठवले.

गेम फास्ट चालावा म्हणून मी कॉम्प्युटरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे ठरल्यापेक्षा जादा स्पीडने पळवला, व्होल्टेजही वाढवलं. मग पंखा फिरायचा, स्क्रीन मात्र काळीच. पप्पांना सांगितलं, लाईट कमी-जास्त झाली.

आम्ही कॉम्प्युटर उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानातल्या सिंधी काकांनी रॅम बदलली, दुसरा पॉवर सप्लाय लावला, शेवटी मदरबोर्ड नाकाजवळ धरला. प्रोसेसरशेजारचे कपॅसिटर फुगले होते.

"बेटा, स्पीड बढाया था क्या?"

पप्पाच म्हणाले, "नहीं सेठ, हमारे यहाँ लाइट का प्रॉब्लेम है."

वाचले, असं वाटलं. रिक्षात बसल्यावर पप्पा बाहेर बघत म्हणाले, "मोरिवलीच्या कंपनीत मी पण एकदा लेथ मशीन जादा स्पीडने पळवलेली. बेअरिंग जळालं. साहेबाला लाईटचंच सांगितलं."

तेव्हा मला फक्त लाज वाटली. त्यांनी मला किती अलगद सोडवलं होतं, ते आता कळतं.

भांड्यातली डाळ काढत मी लेकीला म्हटलं, "हो, लाईटच असेल. बस इथे, तुला आजोबांच्या लेथची गोष्ट सांगते."