ज्याला मराठी येत नव्हतं

गॅसवाला सिलिंडर घेऊन दारात उभा होता. त्याला ‘आत ठेव बाबा’ म्हणायला गेले, तर घशातून नुसती घरघर निघाली. खाकरून पुन्हा बोलले. ‘तब्येत बरी नाही का काकू?’ त्यानं विचारलं. तब्येत ठणठणीत होती. आदल्या सकाळपासून मी कोणाशी एक शब्दही बोलले नव्हते, एवढंच.

आधी सौंसरच्या आणि लग्नानंतर पांढुर्ण्याच्या शाळेत मी जन्मभर पोरांना ‘गप्प बसा’ म्हणत आले. रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत हे गेले. मुलगा बंगलोरला, मुलगी इंदूरला. रविवारी दोघांचे फोन येतात. जेवलीस का, गोळ्या घेतल्या का, विचारतात. मी हो म्हणते आणि फोन संपतो.

त्या दिवशी मी ठरवलं की रोज बाहेर पडायचं आणि एका तरी माणसाशी बोलायचं. वाटलं तेवढं ते सोपं नव्हतं. बाजारात वांगी निवडणाऱ्या एका बाईला मी म्हटलं, भरायची आहेत का? तिनं माझ्याकडे पाहिलं, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि पुढच्या दुकानाकडे गेली. देवळात माझ्याच वयाची एक जण भेटली. कुठं राहता विचारलं, तर तिनं नीट सांगितलं, सावरगावच्या बाजूला. पुढे काय बोलायचं ते मलाच सुचेना. बोलायची सवयच मोडली होती.

मग मी दुपारी स्टेशनवर जाऊन बसायला लागले. तिथं बसलेल्या माणसाला कोणी का बसलात म्हणून विचारत नाही.

एका दुपारी नागपूरकडे जाणारी एक्सप्रेस सुटली आणि तिच्यामागे एक माणूस धावत सुटला. पन्नाशीचा असेल. पायात रबरी चप्पल, हातात पाण्याची बाटली. फलाट संपेपर्यंत धावला आणि थांबला. परत चालत आला तो नळाजवळच उभा राहिला, बाटली छातीशी धरून. लोक पाहत होते. मीही पाहत होते. मग उठून त्याच्याजवळ गेले.

काय झालं, मी मराठीत विचारलं, मग हिंदीत. त्यानं गेलेल्या गाडीकडे हात केला आणि भराभर काहीतरी बोलला. तेलुगू असावं. एक शब्द कळला, ‘वाइफ’. मी माझा फोन त्याच्या हातात दिला. त्याचा स्वतःचा फोन गाडीत चार्जिंगला लावलेला राहिला होता, हे मला नंतर त्याच्या हातवाऱ्यांवरून समजलं. नशीब की स्वतःचा नंबर त्याला पाठ होता. पलीकडून बायकोनं उचलला आणि तिचं रडणं मला बाजूला उभं राहून ऐकू आलं. थोडं बोलून त्यानं फोन माझ्याकडे दिला. मी तिला हिंदीत सांगितलं, घाबरू नको, नागपूरला सामान घेऊन उतर, मी ह्यांना मागच्या गाडीत बसवून देते. तिला किती कळलं देव जाणे. ती नुसती ‘अक्का, अक्का’ म्हणत राहिली.

चौकशीच्या खिडकीवरच्या माणसानं सांगितलं, पुढची गाडी संध्याकाळी आहे. बाकावर येऊन बसलो, तर शेजारच्या एका शेतकऱ्यानं विचारलं, ‘कोण होय जी हे? तुमचे पाहुणे?’ मी हो म्हटलं. त्यानं पिशवीतून दोन संत्री काढून आमच्या मधे ठेवली आणि आपल्या कामाला गेला.

आम्ही तिथंच बसून राहिलो. तो अधूनमधून तेलुगूत काही सांगायचा. हातानं उंची दाखवली, त्यावरून मुलांबद्दल बोलत असावा. मीही बोलायला लागले, मराठीत. शाळेबद्दल सांगितलं, घराबद्दल सांगितलं. आणि सांगता सांगता बोलून गेले, ‘हे गेल्यापासून मला घरात भीती वाटते. अंधाराची नाही. आपण बोललो तर ऐकायला कोणी नाही, त्याची.’

हे मी माझ्या मुलांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांना काळजी वाटली असती. ह्याला काही कळत नव्हतं म्हणून मला सांगता आलं. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी गप्प झाल्यावर त्यानं एक संत्रं सोललं, त्याच्या शिरा एकेक करून काढल्या आणि फोडी माझ्यापुढे धरल्या.

गाडी आली तेव्हा दारात उभं राहून त्यानं हात जोडले. त्या रात्री त्याच्या नंबरवरून फोन आला. ‘अक्का, वच्चारु,’ बायको म्हणाली. शब्द नवा होता, पण आवाजावरून समजलं की तो पोचला.

पुढे काही महिने ती मधूनच फोन करायची. ‘अक्का, भोजनम?’ विचारायची. झालं, तुझं झालं का, मी म्हणायचे. त्यापलीकडे आम्हाला जमायचं नाही. दोघी जराशा हसायचो आणि ठेवून द्यायचो. मग फोन येईनासे झाले. मी लावून पाहिला, तर नंबर बंद. त्यांनी बदलला असेल. कुठं राहतात तेवढंही मी विचारून घेतलं नव्हतं.

घर अजून तसंच आहे. संध्याकाळी टीव्ही लावते, आवाज असावा म्हणून. पण बाहेर मी आता बोलते. कोणी उत्तर देतं, कोणी नाही. परवा बहिणीकडे सौंसरला चालले होते. बसमध्ये शेजारी कानात वायर घातलेली एक पोरगी होती. कुठं चाललीस, मी विचारलं. तिनं एका कानातली वायर काढली.

‘काही म्हणून राहिल्या का आजी?’

मी पुन्हा विचारलं. कंपनीत ड्युटी आहे, बोरगावला, ती म्हणाली आणि वायर परत घातली. सौंसर आलं. मी उठले तेव्हा तिनं माझी पिशवी उचलून दारापर्यंत आणली, ‘हळू उतरा,’ म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.