देवरावनं नाली वळवली

पांढरकवड्याच्या वाटेवरच्या त्या बाजारगावात १९६१ साली नळ आले आणि घराघरांतून सांडपाणी वाहू लागलं. ते नदीपर्यंत नेणारी पक्की नाली नगरपालिकेचा मुकादम देवराव यानं मजूर लावून बांधून घेतली. गल्ल्या कोरड्या झाल्या. देवराव नालीच्या काठानं छाती काढून चालायचा.

पुढच्या उन्हाळ्यात तो लेकीकडे गेला. सत्यशीलाचं सासर नदीच्या खालच्या अंगाच्या गावात, बौद्धवाड्यात. गावच्या विहिरीवर वाड्यातल्या बायांना कोणी पाणी भरू देत नसे. त्या नदीच्या रेतीत झिरा खोदून घागरी भरत.

झिऱ्याशी बसून देवरावनं ओंजळ भरली, तशी सत्यशीलानं त्याचं मनगट धरलं.

"बाबा, तसंच नोका पिऊ. उकळून देतो."

"काहून?"

"वास घ्या ना. तुमच्याच गावचं हाय थे."

तिचा लहानगा हगवणीनं खंगून खाटेवर पडला होता. शेजारच्या इंदूबाईची पोरगी त्याच दुखण्यानं गेली होती. देवराव त्या दिवशी जेवला नाही, लगेच परत निघाला.

नगरपालिकेच्या ओव्हरसियरनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. "गाळ बसवायचे हौद नकाशात आहेत, देवराव. मंजुरी अडकली आहे. मीही मागेच लागलोय."

"पोरं मरून राह्यली, साहेब."



देवरावला कुठं बसवेना. चहा घेताना मध्येच उठे, नालीच्या तोंडाशी जाऊन उभा राही. काळं पाणी नदीत पडताना बघे आणि घरी येऊन हात धूत बसे. बायको म्हणे, "किती धुता? कातडं निघंल." पावसाळा गेला, हिवाळा गेला. हौद काही झाले नाहीत.

शेवटी एका सकाळी त्यानं आपला जोडीदार मारोती याला हाक मारली. नदीच्या अलीकडे पालिकेचीच पडीक जमीन होती. तिथं दोघांनी एकाखाली एक मोठाले खड्डे खणले. काम बरेच दिवस चाललं. लोकांना वाटलं, खताचे खड्डे असतील. मग देवरावनं नालीची भिंत फोडली आणि पाणी खड्ड्यांत घेतलं. गाळ खाली बसला, वरचं पाणी पडिकात पसरलं.

"कोणाच्या हुकुमानं?" पालिकेचे अध्यक्ष ओरडले.

"माह्याच."

त्याला कामावरून काढलं. नाली मात्र कोणी परत जोडली नाही, कारण ओव्हरसियर आडवे आले. पण गाळ उपसायला माणूस मिळेना. खड्डे तुंबले, घाण पाणी बाजारात शिरलं, तेव्हा देवरावला परत बोलावणं आलं. त्यानं अट घातली: खड्डे पक्के बांधा. ते बांधले गेले.

पुढच्या उन्हाळ्यात झिऱ्याचा वास गेला. सत्यशीलाचा लहानगा तोवर धावू लागला होता. ती मात्र पाणी उकळतच राहिली, आणि देवरावनंही तिला कधी थांब म्हटलं नाही. बौद्धवाड्यानं स्वतःची विहीर खणायला घेतली, तेव्हा सुटीच्या दिवशी तोही कुदळ घेऊन जाई.

विहिरीला पाणी लागायच्या आधीच पावसाळा आला. ते पक्के हौद भरून वाहू लागले, घाण पुन्हा नदीकडे निघाली. देवरावनं मारोतीला तिथं उभं केलं, डोक्यावर पोतं घेतलं आणि चिखल तुडवत लेकीच्या गावाकडे निघाला, आज नदीवर घागर नेऊ नका म्हणून सांगायला.