तिलगवतीने दाबून ठेवलेली तक्रार

कोइमतूरच्या रक्तपेढीचा सगळा कोड तिलगवती एकवीस वर्षं सांभाळत होती. आसपासच्या तेरा रुग्णालयांना रक्ताच्या पिशव्या तिथूनच जात. पिशवी दिली की दोन नोंदी व्हायच्या: एका यंत्रावरच्या साठ्यातून पिशवी कमी, दुसऱ्या यंत्रावर रुग्णाचं नाव. झाल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. हे तिने जावा या संगणकभाषेत स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. आधी 'सुरू', शेवटी 'पक्कं', आणि बिघडलं तर 'मागे घे'.

मग सगळे प्रोग्राम चालवणारा नवा ॲप्लिकेशन सर्व्हर आला. आता ही राखण तोच करणार होता. तिने आपल्या ओळी काढून टाकायच्या होत्या.

"काढा की अक्का," विभागप्रमुख इळंगो हसून म्हणाला. "मुलगी सासरी गेल्यावरही तिच्या चुलीवरचं सांबार ढवळायला जाणार का?"

"माझी मुलगी साधी आहे रे," ती म्हणाली. "सासू कशी आहे ते कळू दे."

तीन आठवडे ती ओळी काढत होती.

तिलगवतीचा स्वभाव पहिल्यापासून पांघरूण घालणारा. वडील गिरणीत, हृदयाने नाजूक. भावाचा हात मोडला तेव्हा तिने त्यांना "तो मामाकडे राहिलाय" असं आठवडाभर सांगितलं होतं. तीच सवय कोडमध्येही उतरली होती. काही बिघडलं तर आधी काम मागे घ्यायचं, मग प्रोग्रामची तक्रार संगणकातल्याच एका नोंदवहीत गुपचूप लिहायची. पेढीतल्या बायकांना लाल अक्षरं दिसू नयेत, त्या घाबरतात.

मंगळवारी सकाळी नवी व्यवस्था सुरू झाली. अकराच्या सुमारास पेढीतून जेसिंताचा फोन आला.

"अक्का, पोल्लाचीच्या रुग्णालयात एक बाळंतीण आहे, रक्त थांबत नाहीये. ओ निगेटिव्ह हवंय. माझ्या पडद्यावर शून्य दिसतंय. पण सकाळी मी स्वतः एक पिशवी ठेवली होती."

"कुणाला गेली?"

"तेच तर! गेली म्हणतंय, पण नाव नाही. आणि पिशवी माझ्यासमोर आहे. दुसऱ्या कुणाची असेल तर? मी हात कसा लावू?"

तिलगवतीने नोंदवही उघडली. दहा वाजून बारा मिनिटांनी दुसऱ्या यंत्राशी संपर्क तुटला होता. तक्रार तिथे होती, नेहमीसारखी, गुपचूप. फक्त त्या तक्रारीच्या वरची 'मागे घे' ही ओळ तिने स्वतःच काढली होती. सर्व्हरला कुणी काही बोललंच नव्हतं. त्याला वाटलं सगळं नीट झालं, आणि त्याने अर्धं काम पक्कं करून टाकलं.

कुणाला सांगू नये, आधी गुपचूप दुरुस्त करावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. जेसिंता फोनवर श्वास घेत होती.

"माझी चूक आहे, जेसिंता. पडद्यावर विश्वास ठेवू नकोस. कपाटाजवळच थांब."

नोंदवहीत मागणीचा तपशील होता: एका वॉर्डातली उद्याची शस्त्रक्रिया, हाताशी असावी म्हणून मागितलेली पिशवी. तिने तिथल्या डॉक्टरीण बाईंना फोन लावला.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "माझा रुग्ण आत्ता पेपर वाचत बसलाय."

तिने जेसिंताला होकार कळवला आणि पिशवी घेऊन गाडी पोल्लाचीला सुटली. तिलगवती इळंगोच्या टेबलाशी गेली आणि सगळं सांगितलं.

तो हसला नाही. "अशी जागा एकच?"

"माहीत नाही. सवय आहे माझी."

त्याने लगेच जुनी व्यवस्था परत लावली. तिने चाचणीच्या यंत्रावर ती तक्रार दाबणारी ओळ पुसली, तक्रार थेट सर्व्हरपर्यंत जाऊ दिली, आणि भर कामात दुसऱ्या यंत्राकडे जाणारी तार स्वतः उपटली. पडदा लाल झाला. साठ्यातली पिशवी जागेवर परत आली. दोन्ही नोंदी नाहीत. लाल अक्षरांकडे ती बघत राहिली. तिला तेवढं बरं वाटलं.

साडेबाराला जेसिंताचा फोन आला. "लागली पिशवी. डॉक्टर म्हणतात, रक्त थांबतंय. बाळ रडतंय, त्यांच्या फोनवर मला इथे ऐकू आलं."

"बरं," तिलगवती म्हणाली.

मग तिने सगळ्या कोडमध्ये शोध घेतला. तक्रार दाबणाऱ्या तशा आणखी सदतीस जागा निघाल्या. समोरच्या निवलेल्या कॉफीवर साय धरली होती. ती बाजूला सारून तिने पहिली फाईल उघडली.