सूज उतरल्यावरचं इंजेक्शन

माझा धाकटा भाऊ जन्माचा हट्टी. राजुऱ्याजवळच्या आमच्या गावात तो तलावावर मासे धरतो, थोडं धानही लावतो. गेल्या पावसाळ्यात त्याला ताप भरला. डोकं इतकं दुखे की उजेडाकडे बघवेना, मान ताठ झालेली. दुसऱ्या दिवशी तो मलाच विचारू लागला, तू कोण? मी त्याला तसाच गाडीत घातला.

चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूभोवतीच्या पाण्यात जंतू शिरले असावेत, पाठीत सुई घालून ते पाणी तपासावं लागेल. झालं! फोनवर साऱ्या नातेवाइकांना एकदम डॉक्टरकी सुचली. पाठीतलं पाणी काढलं का माणूस लुळा पडते, म्हणे. मी म्हटलं, अरे, मेला तर लुळा पडायला तरी उरेल का? आणि सही ठोकून मोकळी झाले.

पाण्यात जंतू निघालेच. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. दोन-चार दिवसांत ताप उतरला, मान वळू लागली, आणि भाऊसाहेबांनी मला ओळखलं. तेही भांडायलाच. गावकरी मिळून तलावात जाळं टाकणार होते, म्हणून याला घरी जायचं होतं. मी बरा झालो, आता गोळ्या लिहून द्या, एवढंच त्याचं पालुपद. मी अशा शिव्या घातल्या की बाजूच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून हसू लागली. हा मात्र ढिम्म. हातातली सुई उपसायला निघाला.

डॉक्टरीणबाई त्याच्या खाटेवर टेकल्या. मेंदूभोवतीच्या पाण्यावर एक पडदा पहारा देतो, म्हणाल्या, तो औषधालाही सहज आत सोडत नाही. जंतूंमुळे तिथे सूज आली तेव्हा त्या पडद्याला फटी पडल्या, म्हणून औषध आत गेलं. आता सूज उतरते आहे, फटी बुजत आहेत, आणि जंतू थोडे आत असतीलच. म्हणून आता रक्तात औषधाचा जोर कमी पडून चालणार नाही, आणि साध्या गोळ्यांनी तेवढा जोर येत नाही.



"म्हणजे चढणीच्या माशावानी," भाऊ म्हणाला. "पानी फुगलं तवा मासा आरामात वर चढते. पानी उतरलं का त्याले लय जोर लावा लागते."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या.

त्याने सुईवरचा हात काढला. जाळं त्याच्याविना पडलं, मासे त्याच्याविना वाटले गेले. फोनवर ते ऐकताना त्याचं तोंड एवढंसं झालं होतं, पण इंजेक्शनच्या वेळी हात आपणहून पुढे येई. मला तर त्याला ओवाळावंसं वाटे. बोलले मात्र नाही, लगेच डोक्यावर बसला असता.

शेवटचं इंजेक्शन झालं आणि सुट्टी मिळाली. आधाराला मी हात दिला तर झटकून टाकला, आणि फाटकापर्यंत तो एकटा चालत गेला. त्याला पाठमोरा चालताना बघितलं आणि माझा बांधच फुटला. रस्त्यावरच बसले.

तो मागे फिरला. "काऊन रडून राह्यली बाई? मी तं बरा झालो ना?"

"म्हणूनच," मी म्हटलं. "इतके दिवस रडाले हिंमत नोती."