शेवट कपाटात ठेवणारं वाचनालय

आम्हा पाच-सहा रहस्यकथा लिहिणाऱ्यांचा फोनवर एक गट आहे. आमची पुस्तकं विकत घेऊन घरात ठेवणारी माणसं थोडी, वाचनालयातून नेऊन वाचणारी जास्त. समीक्षा लिहिणाऱ्यांना आम्ही सहसा दिसत नाही, पण गावोगावच्या वाचनालयांत आमच्या पुस्तकांची पानं हाताळून मऊ झालेली असतात. म्हणून गेल्या दिवाळीत आमचं ठरलं, की प्रत्येकानं वर्षातून एकदा अशा वाचनालयांत जायचं, नवी पुस्तकं द्यायची आणि भेटतील त्या वाचकांशी बोलायचं. मी जालना जिल्हा मागून घेतला. माझा जन्म मंठ्याचा. आईवडील गेले, शेत विकलं, बहीण नांदेडला असते. त्या जिल्ह्यात आता मुक्कामाला माझं घर नाही, त्यामुळे जायला निमित्त लागतं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी नाशिकरोडहून सकाळची गाडी धरली. खांद्यावर एक पिशवी, हातात पुस्तकांचा गठ्ठा. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी गठ्ठा वर ठेवायला मदत केली आणि विचारलं, अभ्यासाची पुस्तकं का? मी म्हणालो, नाही, खुनाची. त्यानंतर जालना येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

जालन्याहून मंठ्याला एसटीनं दीड-पावणेदोन तास लागतात. दुपारच्या गाडीला बसायला जागा मिळते. रस्ता आता चांगला झालाय. दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालली होती आणि तुरी पिवळ्या दिसत होत्या. बसमध्ये एक आजी कंडक्टरला सांगत होत्या, की बायांना हाफ तिकीट झाल्यापासून मुलीकडं तीनदा जाऊन आले, आता जावई म्हणतो, आत्याबाई, तिकीट फुल करा. सगळी बस हसली. मीही हसलो.

मंठ्यातल्या वाचनालयात गर्दी पाहून आनंद झाला, पण ती स्पर्धा परीक्षेची मुलं होती, मान खाली घालून बसलेली. ग्रंथपालांनी माझी पुस्तकं आदरानं घेतली, शिक्का मारला, चहा दिला. कथा-कादंबरीच्या कपाटाला कुलूप होतं. किल्ली सापडेना, तेव्हा म्हणाले, फार कोणी मागत नाही हो आता. संध्याकाळी माझी जुनी गल्ली पायी फिरलो. कोणी ओळखलं नाही आणि मीही कोणाला थांबवलं नाही. लॉजवर सहाशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. हरिपाठ म्हणून लवकर झोपलो.

रविवारी पहाटेच्या गाडीनं परत जालना आणि तिथून अंबड. अंबडला उतरलात तर मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर नक्की जा. पायऱ्या बेताच्या आहेत, गुडघे फार कुरकुरत नाहीत. सकाळी उन्हात पायऱ्यांवर बसलो. देवीपुढं मागायला काही सुचलं नाही, नुसतं बसून उठलो. पुढं वडीगोद्रीपर्यंत जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय निघत नाही, तेवढा वेळ हाताशी ठेवावा. हायवेच्या कडेला एका ढाब्यावर भाकरी, शेवभाजी आणि ठेचा खाल्ला. ठेच्याला बिलकुल दया नव्हती.

मला जायचं होतं ते गाव तिथून आत चार किलोमीटर आहे. त्याचं नाव मुद्दाम देत नाही, का ते पुढं कळेलच. मारुतीच्या देवळामागं दोन खोल्यांचं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथल्या ग्रंथपाल सुमनताई साठीच्या आसपासच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांचंच पत्र मला आलं होतं. पत्रात लिहिलं होतं, की मुलानं पुण्याला बोलावलंय, महिनाअखेरीला जाणार. कुलूप-किल्ली घ्यायला गावात कोणी तयार नाही. रविवारी चारला समितीची बैठक आहे. कोणी मिळालं नाही तर पुस्तकं तालुक्याला द्यायची आणि दार बंद करायचं, असं ठरेल. लेखक आले तर चार माणसं जमतील, त्यातून कोणी निघेल, अशी त्यांची आशा होती.

मी तीनलाच पोचलो. ताईंनी मला माझंच एक जुनं पुस्तक हातात दिलं. उघडून पाहिलं तर शेवटचं प्रकरण नाही. फाटलेलं नव्हतं, ब्लेडनं नीट कापून काढलेलं होतं. ताई शांतपणे म्हणाल्या, मीच कापलंय. मग त्यांनी कपाटाचा खालचा खण उघडला. आत खाकी पाकिटं ओळीनं लावलेली. प्रत्येकावर पुस्तकाचं नाव आणि क्रमांक.

“रहस्यकथा परत येतच नव्हत्या,” त्या म्हणाल्या. “एकाच्या घरून दुसऱ्याच्या, तिथून तिसऱ्या गावाला. मग म्हटलं, पुस्तक घरी न्या, शेवट इथं बसून वाचा. तेव्हापासून एकही पुस्तक गेलं नाही.”

माणूस येतो, पुस्तक जमा करतो, पाकीट घेतो आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून शेवट वाचतो, असा त्यांचा नियम. वाचून झाल्यावर खुनी कोण ते दारात कोणाला सांगायचं नाही, हाही नियम. रागवायचं की हात जोडायचे, मला कळेना. माझा शेवट वाचायला माणसं चालत येत होती, आणि हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

चार वाजले. बारा खुर्च्या मांडल्या होत्या. समितीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक असलेले जाधव गुरुजी आले. दोन सदस्य आले, त्यांतला एक वेचणीचा माल बाहेर उभा आहे म्हणून लगेच गेला. शेवटी काशिनाथमामा आले. सत्तरीचे, जन्मभर मेंढरं वळलेले, जाड काचांचा चष्मा. ते मागच्या खुर्चीवर बसले. मी लिहून आणलेलं भाषण खिशातच ठेवलं. चार माणसांपुढं काय भाषण करायचं? लहानपणी मंठ्याच्या वाचनालयात अनवाणी उभं राहून वाचायचो, तेवढंच सांगितलं.

मग गुरुजींनी विचारलं, किल्ली कोण घेतं. उरलेला सदस्य घड्याळ बघू लागला. ताईंनी माझ्याकडं पाहिलं आणि हसत म्हणाल्या, तुम्ही तरी राहता का इथं, नाशकात तुमचं कोण वाट बघतंय? थट्टाच होती ती. मी खाली पाहिलं. मी पुस्तकांचा गठ्ठा आणला होता, आणि तिथं माणूस हवा होता.

गुरुजी ठरावाचा कागद पुढं ओढणार, तेवढ्यात मामा उठले. माझ्या त्या जुन्या पुस्तकाचं पाकीट मागू लागले. ताई मला हळूच म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वी पुस्तक जमा करून गेले, पण शेवट मागायला पुन्हा आलेच नाहीत.

मामांनी सांगितलं ते असं. त्यांचा मित्र रंगनाथ गावातला शिंपी. त्याला वाचता येत नव्हतं. मामा वाचायचे, तो मशीन चालवत ऐकायचा आणि मधेच खुनी कोण ते सांगायचा. या पुस्तकात रंगनाथ म्हणे मुनीम, मामा म्हणत डॉक्टर. शेवट वाचायला दोघं रविवारी येणार होते. शुक्रवारी रंगनाथ गेला.

“मंग एकट्यानं काय वाचायचं?” मामा म्हणाले. “पण आज बंद व्हायलंय म्हणलं, तर रंग्याचं खरं का माझं, ते कळल्याबिगर ऱ्हाईल.”

डोळ्यांना आता बारीक दिसत नाही म्हणून त्यांनी पाकीट माझ्याकडं दिलं. मी माझंच प्रकरण मोठ्यानं वाचलं. गुरुजी ऐकत होते, ताई दाराला टेकून उभ्या होत्या. मुनीम पकडला गेला तेव्हा मामांनी चष्मा काढला.

“बराबर निघालं की रंग्याचं. जित्ता असता तर गावभर सांगत हिंडला असता.”

मी प्रकरण परत पाकिटात घालून ताईंना दिलं. मग मामांनी खणाकडं बोट केलं आणि विचारलं, यातले किती जणांचे शेवट ऱ्हायलेत? ताई म्हणाल्या, असतील दहा-पंधरा जणांचे.

“मंग ती माणसं कुठं जायची?” मामा म्हणाले. “मेंढरं पोराला देऊन टाकली मी. दुपारचा रिकामाच बसून राह्यलोय. गुरुवार-रविवार उघडीन की.”

गुरुजी म्हणाले, मामा, नोंदवही लिहावी लागते. मामा म्हणाले, चौथी पास हाये गुरुजी, तुमच्याच वडलांच्या हातचा मार खाऊन. गुरुजींना हसू आवरेना. ठरावात लिहिलं, की तीन महिने प्रयोग म्हणून चालू ठेवावं. सही झाली. ताईंनी किल्ली दिली आणि नोंद कशी करायची ते दाखवायला बसल्या. मोठी अक्षरं दिसतील अशा जाड शाईच्या पेनाची गोष्ट निघाली, तेव्हा मी माझं पेन काढून दिलं. तेवढंच माझ्या हातून झालं.

सोमवारी संध्याकाळी नाशिकला घरी पोचलो. कुलूप उघडलं, देवापुढं दिवा लावला, एका माणसाचा भात टाकला. कागदपत्रांची तपासणी झाली तर चौथी पास ग्रंथपाल म्हणून कोणी बोट दाखवू नये, एवढ्यासाठी गावाचं नाव लिहिलेलं नाही. तुमच्या गावात असं दार असेल तर पुस्तकं जरूर द्या, पण आठवड्यातली एक दुपारही द्या. मला ते जमलेलं नाही, हे कबूल करून सांगतो.

फेब्रुवारीत माझं नवं पुस्तक आलं. दोन प्रती घेऊन टेबलाशी बसलो आणि ब्लेडनं शेवटचं प्रकरण स्वतः सोडवलं. पुस्तकं एका पार्सलात, शेवट दुसऱ्यात, अशी दोन पार्सलं गावाला पाठवली.

गेल्या गुरुवारी दुपारी फोन आला. काशिनाथमामा होते. तीन महिने संपले, गुरुजींनी काही विचारलं नाही, म्हणून उघडून राह्यलोय, म्हणाले. नवं पुस्तक भिंग लावून रोज पाच पानं वाचतायत. शेवटाचं पाकीट खणात आहे, त्याला हात लावलेला नाही.

“मला वाटतंय, त्या सावत्र भावानंच केलंय,” ते म्हणाले. “अंदाज सांगायला कुणीतरी पायजे ना. म्हणून फोन लावला.”

मी ऐकून घेतलं. चूक की बरोबर, ते सांगितलं नाही. म्हणालो, अजून वाचा मामा, पुढच्या गुरुवारी पुन्हा सांगा.